फसलेलीं भाषणें

सभासमारंभांत "दोन शब्द सांगतों" असें म्हणून उभा राहिलेला गृहस्थ खरोखरीच दोन शब्दांवर थांबल्याचें उदाहरण विरळाच. तरीही श्रोते त्याला बहुधा क्षमा करतात, कारण दुसऱ्या दिवशीं तो काय बोलला हें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. लक्षांत राहतात तीं निराळींच भाषणें. एखाद्यांत वक्त्याची दातखिळी बसलेली असते, एखाद्यांत सत्कारमूर्तीचें नांवच चुकलेलें असतें, तर एखाद्यांत थट्टा म्हणून उच्चारलेलें वाक्य ऐकतांच सारी सभा गोठून गेलेली असते. चांगल्या भाषणाची कीर्ति आठवडाभर टिकते. फसलेलें भाषण मात्र नातवंडांपर्यंत सांगितलें जातें.

भाषण फसतें तें दोन प्रकारांनीं. कधीं जीभ दगा देते, तर कधीं विवेक. यांपैकीं पहिला प्रकार अधिक भयंकर अशी सर्वसाधारण समजूत आहे. चारचौघांत बोलावयास उभें राहण्याच्या नुसत्या कल्पनेनें तोंडचें पाणी पळतें अशीं सुशिक्षित माणसें थोडीं नाहींत, आणि या भीतीपायीं पुष्कळ जाणतीं माणसें आयुष्यभर मागच्या रांगेंत बसून राहतात; बोलावयाचें तें दुसरेच बोलून जातात. परंतु प्रसिद्ध फजित्यांचा इतिहास पाहिला तर ही भीति अस्थानीं आहे असें दिसून येतें. अडखळणारांचें नुकसान थोडें व तात्पुरतें झालें. खरा घात झाला तो अस्खलित बोलणारांचा.

जीभ दगा देते यांत गूढ असें कांहीं नाहीं. शेंकडों डोळे आपल्यावर रोखलेले पाहून शरीर तें संकटच समजतें आणि झुंजण्याची किंवा पळून जाण्याची तयारी करूं लागतें. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो. छाती धडधडूं लागते, बोटें गार पडतात, लाळ आटून जीभ टाळूस चिकटते. श्वास आंखूड होतो आणि आंखूड श्वासावर चालणारा आवाज बारीक व कांपरा निघतो. वाघापासून पळणारास या तयारीचा उपयोग आहे, आभार मानणारास नाहीं. त्यांतून भाषण शब्दशः पाठ केलेलें असलें तर संकट दुणावतें. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो. एक कडी निसटली कीं पुढच्या साऱ्या कड्या तिच्यामागोमाग जातात.

१८९१ मध्यें बॅरिस्टर होऊन मोहनदास करमचंद गांधी लंडनहून परत निघाले, तेव्हां त्यांनीं होबर्न उपाहारगृहांत आपल्या शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली. त्या प्रसंगीं विनोदी भाषण करावें म्हणून त्यांनीं अ‍ॅडिसन या इंग्रज निबंधकाराची गोष्ट योजून ठेवली होती. पार्लमेंटांतील आपल्या पहिल्याच भाषणांत "माझी अशी धारणा आहे" एवढेंच तीन वेळां म्हणून अ‍ॅडिसन अडकला. तेव्हां कोणी थट्टेखोर सभासद म्हणाला कीं, सद्‌गृहस्थांस धारणा तीन वेळां झाली, परंतु प्रसूति कांहीं झाली नाहीं! ही गोष्ट सांगून हंशा पिकवावा असा गांधींचा बेत. ते उभे राहिले, आरंभाचें वाक्य बोलले आणि पुढचें सारें विसरून गेले. अ‍ॅडिसनची फजिती सांगावयास निघालेल्या वक्त्याचाच अ‍ॅडिसन झाला. मित्रांचे आभार कसेबसे मानून ते खालीं बसले. मुंबईस परतल्यावर स्मॉल कॉज कोर्टांत त्यांना पहिलें काम मिळालें, त्याची फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उभे राहिले मात्र, डोकें गरगरूं लागलें आणि विचारावयास एकही प्रश्न सुचेना. फी परत करून त्यांनीं तें काम दुसऱ्या वकिलाकडे सोंपविलें. याच लाजाळूपणानें आपणांस शब्दांची काटकसर शिकविली असें त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत म्हटलें आहे, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं.

विन्स्टन चर्चिलची हकीकतही याच जातीची आहे. २२ एप्रिल १९०४ रोजीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो पार्लमेंटांत पाठ केलेलें भाषण करीत होता. सुमारें पाऊण तास सारें सुरळीत चाललें आणि शेवटाकडे एकाएकीं स्मृतीनें साथ सोडली. वाक्य अर्धवट टाकून, सभागृहाचे आभार मानून तो खालीं बसला व त्यानें तोंड हातांनीं झांकून घेतलें. त्या दिवसापासून पूर्ण टिपणें हातीं असल्यावांचून महत्त्वाचें भाषण करावयाचें नाहीं असा त्यानें नेम केला. पुढें ज्यांच्या वक्तृत्वाची जगभर वाहवा झाली, तीं भाषणें या एका फजितीच्या धड्यावर उभीं आहेत.

इंग्लंडच्या राजघराण्यांतील यॉर्कच्या ड्यूकचे हाल तर याहून मोठ्या गर्दीपुढें झाले. तो जात्याच तोतरा. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजीं वेंब्ली येथें साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाचें भाषण त्याला करावें लागलें, आणि त्या भाषणांतील मुक्या जागा शब्दांपेक्षां अधिक ठळक झाल्या. पुढच्या वर्षीं तो लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाणी-उपचारकाकडे गेला. श्वासाचे व्यायाम आणि कठीण शब्द टाळून केलेली वाक्यरचना, असा तो कष्टाचा अभ्यास होता. हाच ड्यूक पुढें सहावा जॉर्ज म्हणून गादीवर आला आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्ध सुरू झाल्याची वार्ता त्यानें नभोवाणीवरून प्रजेस सांगितली. त्याचें बोलणें तेव्हांही संथ व अडखळतें होतें. पण ऐकणारांना त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. उलट हा मनुष्य आपल्यासाठीं कष्ट घेत आहे हें त्यांना ऐकूं येत होतें.

केनेथ सॅविट्स्की व थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें प्रसिद्ध केलेले प्रयोग येथें लक्षांत घेण्यासारखे आहेत. भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटे कीं आपली घाबरगुंडी सर्वांना स्पष्ट दिसत आहे. श्रोत्यांना ती त्या मानानें पुष्कळच कमी दिसत होती. एवढेंच नव्हे, तर ही गोष्ट ज्यांना आधींच समजावून सांगितली त्यांचीं भाषणें अधिक चांगलीं झालीं. छातींतली धडधड वक्त्याच्या कानांत नगाऱ्यासारखी वाजते. पहिल्या रांगेपर्यंतही ती पोंचत नाहीं.

आतां दुसरा प्रकार. येथें हात कांपत नाहीं, घसा कोरडा पडत नाहीं, वक्ता रंगांत आलेला असतो, आणि घात होतो तो नेमका त्यामुळेंच.

जेराल्ड रॅटनर हा इंग्लंडांतील दागिन्यांचा मोठा व्यापारी. बड्या सराफांच्या दुकानांची पायरी चढण्यास कचरणाऱ्या सामान्य लोकांना परवडतील असे दागिने विकून त्यानें आपल्या दुकानांचा प्रचंड पसारा उभा केला होता. २३ एप्रिल १९९१ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें उद्योगपतींच्या मेळाव्यांत त्याचें भाषण झालें. आपल्या दुकानांतील मद्याची सुरई आणि पेले इतक्या स्वस्तांत कसे देतां असें लोक विचारतात, तर त्याचें कारण असें कीं ती निव्वळ भिकार वस्तु असते, असें तो म्हणाला. आमच्या कर्णभूषणांचा एक जोड कोळंबीच्या सँडविचहून स्वस्त पडतो, पण टिकण्याच्या बाबतींत सँडविचच बहुधा सरस ठरेल, अशीही त्यानें पुस्ती जोडली. सभागृह हंसलें. तशीच थट्टा त्यानें पूर्वींही केली होती आणि तेव्हांही लोक हंसलेच होते. परंतु यावेळीं सभागृहांत बातमीदार होते, आणि दुसऱ्या दिवशीं तें वाक्य खपाच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकलें. ज्या तरुणानें पगारांतून पैसे शिल्लक टाकून त्या दुकानांतून वाङ्‌निश्चयाची अंगठी घेतली होती, त्यानें तें वाचलें. ज्या मुलीच्या बोटांत ती अंगठी होती, तिनेंही वाचलें. कंपनीच्या भागभांडवलाची किंमत सुमारें पन्नास कोटी पौंडांनीं घसरली. १९९२ मध्यें रॅटनरला स्वतःचीच कंपनी सोडावी लागली आणि पुढच्या वर्षीं कंपनीनें त्याचें नांवही टाकून दिलें. दुकानें बंद पडलीं तेव्हां ज्या नोकरांच्या पोटावर पाय आला, त्यांनीं तर कोणतीही थट्टा केलेली नव्हती.

या माणसाची चूक व्याकरणाची नव्हे, उच्चाराचीही नव्हे. समोर बसलेल्या धनिकांनाच तो श्रोते समजला. ज्यांच्या पैशावर त्याचें घर चाललें होतें ते दाराबाहेर उभे होते आणि त्यांनाही ऐकूं येत होतें.

खेळाच्या जगांत हा दाराबाहेरचा श्रोता फार लवकर परतफेड करतो. १९७६ सालीं वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडांत आला, तेव्हां इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत म्हणाला कीं, या पाहुण्यांना आम्ही लोळण घ्यावयास लावूं. ही मुलाखत म्हणजे रीतसर भाषण नव्हे खरें. पण तीही जाहीर वाणीच. ग्रेग जन्मानें दक्षिण आफ्रिकेंतील गोरा, तेथें वर्णद्वेषाचें राज्य चालूं. आणि ज्यांना उद्देशून हा शब्द वापरला ते गुलामांचे वंशज. शब्द एकच, पण तो कोण कोणाला म्हणतो यावर सारें अवलंबून असतें. क्लाइव्ह लॉइडच्या संघाला निराळ्या स्फूर्तीची गरज उरली नाहीं. व्हिव्ह रिचर्ड्सनें चार कसोट्यांत ८२९ धावा काढल्या. ओव्हलच्या निर्जीव खेळपट्टीवर मायकेल होल्डिंगनें १४ बळी घेतले आणि दोन्ही डावांत ग्रेगचा त्रिफळा उडविला. वेस्ट इंडीजनें मालिका ३-० अशी जिंकली. ओव्हलवरच ग्रेग वेस्ट इंडीजच्या प्रेक्षकांपुढें हातांपायांवर थोडा रांगला व आपले शब्द त्यानें हंसत परत घेतले. एवढी खिलाडूवृत्ति त्याच्यापाशीं होती, हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे.

डेलिया स्मिथ या पाकशास्त्रावरील लोकप्रिय लेखिकेचा प्रकार त्या मानानें निरुपद्रवी. ती तेव्हां नॉर्विच फुटबॉल क्लबच्या मालकांपैकीं एक होती. २८ फेब्रुवारी २००५ रोजीं मध्यंतरांत दोन्ही संघ बरोबरींत असतांना ती ध्वनिक्षेपक घेऊन मैदानांत उतरली आणि आपल्याच प्रेक्षकांवर "कोठें आहांत तुम्ही?" असें ओरडली. नॉर्विच तो सामना ३-२ असा हरला. परंतु त्या ओरडण्यांत क्लबाविषयींची कळकळ होती, म्हणून लोक अजून हंसतात तें प्रेमानें.

मायकेल जॉर्डनविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. ११ सप्टेंबर २००९ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला. आरंभीं त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. पुढें मात्र शाळेंत ज्या मुलाची निवड आपल्याआधीं झाली त्याच्यापासून थेट व्यवसायांतील प्रतिस्पर्धी व शिक्षक यांच्यापर्यंत एकेकाचा जुना हिशेब त्यानें मांडला. तो शाळासोबती त्या रात्रीं निमंत्रित म्हणून सभागृहांत हजर होता! हे अपमान जपून ठेवूनच जॉर्डन मोठा झाला, हें खरेंच. पण ज्या विस्तवावर स्वयंपाक झाला तो ताटांत वाढावयाचा नसतो.

घरगुती समारंभांत कसोटीसामने नसतात, एवढाच काय तो फरक. शोकसभेंत "माझ्यावर त्यांचा फार लोभ होता" असें म्हणून वक्ता स्वतःच्या बढत्यांचा इतिहास सांगूं लागतो, तेव्हां समोर मृताची पत्नी बसलेली असते. विवाहाच्या मेजवानींत वराचा मित्र वसतिगृहांतील जुने पराक्रम वर्णन करतो. मित्र हंसतात आणि वधूची आत्या पदर सांवरून दुसरीकडे पाहूं लागते. मागाहून सारेजण "बोलला मात्र छान" असें म्हणतात. खरोखर हात थरथरणारी एखादी आजी उठून नातवाला दोन वाक्यांत आशीर्वाद देते, दुसरें वाक्य अर्धवटच राहतें, आणि तेवढेंच लोक घरीं घेऊन जातात.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर आपला दोनशेवा व शेवटचा कसोटी सामना संपवून निरोपाचें भाषण करावयास उभा राहिला, तेव्हां त्याच्या हातांत नांवांची यादी होती. कोणाचें नांव विसरूं नये म्हणून ती आणल्याचें त्यानें प्रथमच सांगून टाकलें. कंठ दाटून येत होता, मधून मधून थांबावें लागत होतें. यादींतील पहिलें नांव वडिलांचें, प्रा. रमेश तेंडुलकरांचें. गुरुवर्य आचरेकरांविषयीं तो म्हणाला कीं, मी हुरळून जाईन या धास्तीनें सर मला कधीं "छान खेळलास" असें म्हणाले नाहींत; आतां माझा एकही सामना उरलेला नाहीं, तेव्हां आतां म्हणावयास हरकत नाहीं.