धूर कोणाच्या खात्यावर?

तापत्या जगाचे नैतिक प्रश्न : भाग ६

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला लोक विजासनच्या लेण्यांसाठी येतात, भद्रनागाच्या दर्शनाला येतात, पार्श्वनाथाच्या जैन तीर्थाला येतात. शहराजवळचे पॉवरग्रिडचे केंद्र मात्र कोणी पाहायला जात नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झाले, तेव्हा पश्चिम भारताचे आणि दक्षिण भारताचे वीजजाळे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालत होते. दोन्ही थेट जोडणे शक्य नव्हते. म्हणून एका बाजूने आलेली वीज इथे आधी डीसी करायची आणि तिथल्या तिथे पुन्हा एसी करून पलीकडच्या जाळ्यात सोडायची, अशी व्यवस्था झाली. क्षमता एक हजार मेगावॉट. पुढे डिसेंबर २०१३ च्या अखेरच्या दिवशी दक्षिणेचे जाळे देशाशी सरळ जोडले गेले, पण तोवर मध्य भारतातली वीज दक्षिणेकडे जाण्याची एक मोठी वाट भद्रावतीतून होती.

दुसरी वाट पश्चिमेची. चंद्रपूरहून निघालेली पाचशे किलोव्होल्टची डीसी वाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर धावत ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोहोचते. दीड हजार मेगावॉट वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. कोळशाचीही तीच गोष्ट. भद्रावती तालुक्यातल्या बरांजच्या खाणी कर्नाटकच्या वीज महामंडळाला मिळालेल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले खाणवाटप रद्द केले तेव्हा त्याही बंद पडल्या, नंतर पुन्हा त्याच महामंडळाकडे आल्या. इथला कोळसा बळ्ळारीच्या वीजकेंद्रासाठी, आणि बरांज मोकासाचे लोक पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसलेले.

मागच्या भागात आपण भविष्यातल्या पिढ्यांचे नुकसान आजच्या रुपयांत मोजण्याचा वाद पाहिला. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न आणि विल्यम नॉर्डहाउस यांची उत्तरे इतकी वेगळी का आली, तर नातवंडांच्या सुखाला आज किती किंमत द्यायची याबद्दल दोघांचे मत वेगळे होते. तो प्रश्न काळाचा होता. आजचा प्रश्न जागेचा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावर उभा आहे. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला असलेल्या महाऔष्णिक केंद्राच्या चिमणीतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो लिहायचा कोणाच्या नावावर?

कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना ढोबळ मानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. सगळे संच साठ टक्के भाराने चालले असे धरले, तर दिवसाला सव्वाचार कोटी युनिटच्या आसपास वीज होते, म्हणजे बेचाळीस हजार टन वायू. एका दिवसाचा. हा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो आणि त्यात वाद नाही. वाद पुढच्या ओळीत सुरू होतो.

आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की इंधन ज्या देशाच्या हद्दीत जळले, त्या देशाच्या खात्यावर वायू लिहायचा. मोजायला हा नियम सोपा आहे. कोणत्या चिमणीतून किती गेले हे कळते, पण वीज शेवटी कोणत्या घरातल्या वातानुकूलकात खर्ची पडली हे शोधणे अवघड. सोय म्हणून स्वीकारलेला हा नियम हळूहळू दोषाची वाटणी होऊन बसतो. चीनमध्ये माल तयार होतो, युरोपात वापरला जातो, धूर चीनच्या नावावर. हीच गोष्ट आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत घडते. चंद्रपूर ‘प्रदूषणकारी जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि देशात चौथा क्रमांक. पडघ्याच्या पुढे जी वीज वापरली गेली, तिच्यासाठी कुठल्याही उपनगराला असा क्रमांक मिळाला नाही.

इथे एक भेद नीट ध्यानात ठेवायला हवा. राख, धूळ, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणींभोवतीचे मातीचे डोंगर, खाली गेलेली विहिरींची पातळी हे सगळे इथेच राहते. ज्याचे अंगण त्याच्या अंगणात. कार्बन डायऑक्साइड मात्र थांबत नाही, साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. भौतिकशास्त्राच्या लेखी भद्रावतीचा टन आणि ह्यूस्टनचा टन यांत काडीचा फरक नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ म्हणू शकतो की टन कोणाचा हे मला विचारू नका, मी फक्त मोजतो. त्याचे म्हणणे मला अर्धेच पटते. मोजण्याआधी रकाने आखावे लागतात, आणि रकाने आखणे हे न्यायनिवाड्याचे काम आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच पिकाचे आहे. भद्रावतीच्या आसपास कापूस-सोयाबीनचा मुलूख आहे. पूर्वेकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले की धानाच्या बांध्या लागतात. बांधीत पाणी साचले की चिखलातला प्राणवायू संपतो. प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव तिथला काडीकचरा कुजवताना मिथेन तयार करतात, आणि तो वायू मुख्यतः धानाच्याच पोकळ देठातून वर येतो. हवा तापवण्यात मिथेन फार जोरकस. म्हणजे रोवणीनंतर पाण्यात उभे असलेले शेतही हवामानबदलाच्या हिशेबात येते.

१९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने जगातल्या देशांची यादी काढली. कोण किती वायू सोडतो, या यादीत भारत पाचवा आला. मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर, जंगलतोड, धानाची बांधी, गायीगुरांचा रवंथ, सगळे एका बेरजेत घेतले होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अॅन अनइक्वल वर्ल्ड’ या पुस्तिकेत त्या यादीची चिरफाड केली. त्यांचा एक आक्षेप लगेच समजण्यासारखा होता: पोटासाठी पिकवलेल्या भाताचा मिथेन आणि हौसेच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा टाकता? पुढे १९९३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी जगण्यापुरते उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद सविस्तर मांडला. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आज श्यूंचे नाव आधी घेतले जाते. दिल्लीच्या पुस्तिकेला तेवढाच मान मिळायला हवा होता असे मला वाटते.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता. माणसाने सोडलेल्या वायूंपैकी मोठा वाटा समुद्र, जंगले आणि वातावरणातल्या रासायनिक क्रिया सामावून घेतात. निव्वळ उत्सर्जन काढताना ही शोषणशक्ती वजा करायची. पण कोणाच्या खात्यातून किती? अमेरिकन संस्थेने ती ज्याच्या-त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली. म्हणजे ज्याने जास्त धूर सोडला, त्याला समुद्राचा वाटाही जास्त. अग्रवाल आणि नारायण यांनी विचारले की समुद्र सगळ्या माणसांचा असेल तर वाटणी माणशी का नको? तशी वाटणी केल्यावर भारताचे उत्सर्जन त्याच्या वाट्याच्या आत बसले. आकडे तेच होते. वजाबाकीची रीत बदलली आणि आरोपीच बदलला.

याच सुमारास मूळ आकडाही तपासला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता की भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते. तो बांधला होता पाश्चात्त्य शेतांतल्या मोजमापांवरून. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि अ. प्र. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली देशभर मोजणीची मोहीम झाली. धानाच्या रोपांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची आणि तिच्यात मिथेन किती वाढला ते प्रयोगशाळेत पाहायचे. उत्तर आले सुमारे ४० लाख टन, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या नवव्या हिश्श्याइतके.

एवढा फरक का पडला हे नागभीडच्या शेतकऱ्याला पेटी न लावताही सांगता आले असते. आपली बांधी पावसाच्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या भरवशावर असते. पावसाने दडी मारली की ती सुकते, भेगाळते. जमिनीत हवा शिरते आणि मिथेन करणारे जीव मंदावतात. हंगामभर पाणी तुंबवून ठेवलेल्या, सेंद्रिय अंश जास्त असलेल्या जमिनीचा दर तिला लावणे हे मुळात शास्त्र म्हणूनच चूक होते. ज्याचे शेत त्याला न विचारता त्याच्यावर आकडा ठेवला की अशी चूक होते. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दीड एकराच्या दादाजी खोब्रागडे यांनी ऐंशीच्या दशकात शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत एचएमटी हे धानाचे वाण सिद्ध केले आणि ते कितीतरी राज्यांत पेरले गेले. असे निरीक्षण करणारी माणसे जिथे आहेत, तिथे हवामान संशोधनाने शेतकऱ्याला नमुना गोळा करण्याची जागा एवढेच समजणे मला अन्यायाचे वाटते आणि शास्त्राच्या तोट्याचेही.

आकड्यातला आणखी एक निवाडा असा. मिथेन हवेत बारा-एक वर्षे टिकतो, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके राहतो. मग एक टन मिथेन म्हणजे किती टन कार्बन डायऑक्साइड? शंभर वर्षांचा परिणाम धरला तर सुमारे २८, वीस वर्षांचा धरला तर ८० च्या वर. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. क्योटो करारापासून शंभर वर्षांची मुदत रूढ झाली; ती निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी ठरवली. वीसची मुदत घेतली तर बांधीचे वजन एका दिवसात तिप्पट होते, तसे खाणीतून सुटणाऱ्या मिथेनचेही. पुढच्या वीस वर्षांतल्या उन्हाळ्यांची काळजी करणाऱ्याला वीसची मुदत योग्य वाटेल. मे महिन्यात ४७ अंशांच्या पुढे जाणारा पारा सोसणाऱ्या चंद्रपूरकरालाही ती योग्य वाटू शकते, आणि तिचा भार त्याच्याच शेजारच्या धानउत्पादकावर पडू शकतो. हा पेच खरा आहे, तो मी सोडवून दाखवू शकत नाही. पण तो पेच आहे हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले जावे, तळटीपेत नव्हे.

आता आपल्या बाजूचा कमकुवत दुवा. माणशी वाटणीचा युक्तिवाद भारत जगात गेली तीस वर्षे करतो आहे, आणि तो न्याय्य आहे: अमेरिकन माणसामागे वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, भारतीयामागे दोन टन. पण सरासरीच्या सावलीत कोण उभे आहे? २००७ साली ग्रीनपीस इंडियाने ‘हायडिंग बिहाइंड द पुअर’ या नावाचा अहवाल काढला. देशातला सधन वर्ग गरिबांच्या कमी वापरामागे लपतो, असे त्याचे सांगणे होते. दिल्लीने वॉशिंग्टनला विचारलेला प्रश्न मग चंद्रपूरने मुंबईला विचारायला हवा, आणि चंद्रपूर शहरातल्या बंगल्यांना जिवती-कोरपनाच्या पाड्यांनी. न्यायाचे तत्त्व देशाच्या सीमेवर येऊन थांबत असेल तर ते तत्त्व राहत नाही, वाटाघाटीतली सोय होते.

जंगलाच्या बाबतीतही हेच. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली आहे, आणि ते जंगल जो कार्बन साठवते तो देशाच्या जमेच्या बाजूला लिहिला जातो. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. त्या जंगलाच्या साठ्यावर उद्या कोणी कार्बन क्रेडिट विकायला आले, तर त्याचा निर्णय सर्वसहमतीने चालणाऱ्या त्या ग्रामसभेत व्हायला हवा. मंत्रालयातल्या टेबलावर तो होऊ नये.

मग चिमणीचे काय? सगळा धूर वापरणाऱ्याच्या नावावर टाकावा असे मी म्हणणार नाही. खाणीत, वीजकेंद्रात, आयुध निर्माणीत इथल्या हजारो घरांना पगार मिळाला आहे. राज्याला महसूल मिळाला आहे. प्रकल्प कुठे उभारायचा हे सरकारने ठरवले आहे. वाटा प्रत्येकाचा आहे. पण सर्वांत मोठा वाटा वीज वापरणाऱ्याचा धरावा, असे माझे मत झाले आहे. कारण वापर कमी-जास्त करण्याची मोकळीक त्याच्याकडे आहे. धूळ गिळणाऱ्याकडे ती नाही.

या उत्तरावर पैशाचा प्रश्न अवलंबून आहे. चंद्रपूरचे जुने संच निवृत्त होऊ लागले आहेत. २१० मेगावॉटचे पहिले दोन बंदही झाले. कोळसा कमी करायचा हे देशाने २०७० च्या निव्वळ शून्याचे वचन देताना मान्य केले आहे. खाण बंद झाली की वेकोलिच्या कायम कामगाराची बदली होईल. ट्रकचालक, ठेकेदाराकडचा मजूर, माजरीच्या नाक्यावरचा चहावाला यांची बदली कुठे होणार? धूर चंद्रपूरच्या नावावर असेल तर तो बंद करण्याचा खर्चही चंद्रपूरने सोसावा असे गृहीत धरले जाईल, आणि आज तसेच धरले जाते आहे. २०१५ पासून खाणींच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम द्यावी लागते, ती खाणग्रस्तांसाठी असते. म्हणजे खोदण्यामुळे देणे लागते हे कायद्याने एकदा मान्य केले आहे. जाळण्यामुळे आणि दूरवर वीज नेण्यामुळे लागणाऱ्या देण्याचा रकाना अजून कोणत्याच वीजबिलात नाही. तो किती पैशांचा असावा आणि कोणाच्या हाती यावा, हे वीज नियामक आयोगासमोर दरवाढीच्या सुनावणीत मागता येते. तिथे हरकती नोंदवण्याचा हक्क ग्राहकाइतकाच भद्रावतीच्या नागरिकालाही आहे.

पुढील भाग : उष्माघाताचा मृत्यू कोण मोजतो?