तोंडचं पाणी

दिवाळीत शेजारच्या वहिनींनी चकली पुढे केली आणि मी आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. त्या हसल्या. पण तांब्याशिवाय माझ्या घशाखाली चकलीच काय, साधी पोळीही उतरत नाही.

आम्ही नेरुळला राहतो. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, इतकी दमट हवा. तोंडाला मात्र सदा कोरड. वर्गात शिकवताना जीभ टाळूला चिकटायची. 'चाळिशीनंतर व्हायचंच,' असं घरचे म्हणत, एक-दोन डॉक्टरही म्हणाले. दोन वर्षं मीही तेच म्हणत राहिले.

वर्षभरात हिरडीलगतचे चार दात किडले, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? सांधे दुखतात?" दोन्ही होत होतं. ते दाताच्या डॉक्टरांना सांगायचं असतं, हे कुणाला ठाऊक!

मग पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहिलं. रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून इवलासा तुकडा काढला. आजाराचं नाव निघालं श्योग्रेन. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली १९ स्त्रियांच्या नोंदींवरून प्रबंध लिहिला, त्यांचं हे नाव. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात. रुग्णांत स्त्रियाच फार. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सनं २०११ मध्ये आपल्यालाही हाच आजार असल्याचं जाहीर केलं.

लाळेला आपल्या भाषेनं कधी मान दिला नाही. लाळघोट्या म्हणजे शिवीच! पण हीच लाळ तोंडातलं आम्ल सौम्य करते, दातांना क्षार परत देते, बुरशीला आवर घालते.

आजार मुळापासून जात नाही. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, फ्लोराइडची पेस्ट. जेवणानंतरची खडीसाखर बंद. पिलोकार्पिनच्या गोळीनं लाळ वाढली, पण घामही वाढला, आणि तो नवी मुंबईत! कानापुढची ग्रंथी सुजून तशीच राहिली तर लगेच दाखवायला बजावलंय, कारण क्वचित तिथे कर्करोग उद्भवतो.

हे सारं ऐकून वहिनी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीही रात्री तीनदा पाण्यासाठी उठते हो." मधुमेहानं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरड पडते, म्हणून घाबरवलं नाही. सोमवारी दोघी मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत.