तुला काय कमी आहे?
पेढी उत्तम चालली आहे, मुले मार्गी लागली आहेत, घरात कशाचीही उणीव नाही. मग दुःख कसले? या प्रश्नाच्या धाकाने अनेकजण मौन पत्करतात. पहाटेच जाग येते, अन्नावरची वासना उडते, ग्राहकाशी हसून बोलताना आत सारे रिते वाटते. सामायिकातही मन स्थिरावत नाही आणि आपलीच श्रद्धा उणी पडली, ही अपराधी भावना मूळ धरते.

ही श्रद्धेची उणीव नव्हे. नैराश्य हा आजार आहे आणि संपन्नतेने तो टळत नाही. ही अवस्था दोन आठवडे टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. समुपदेशन व औषधे यांनी अनेकांना आराम पडतो. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

आपल्या परंपरेने चार दानांत औषधदानाची गणना केली आहे. जे देणे पुण्याचे, ते घेण्यात संकोच कसला? घरातील कोणी अबोल झाले असेल, तर ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारू नका. शेजारी बसा, ऐका आणि डॉक्टरांकडे सोबत जा.