पेन्शनचा पैसा आणि निवडणुकीची देणगी

लाच कोठे संपते आणि देणगी कोठे सुरू होते, हा वाद तसा जुनाच. अमेरिकेत पेन्शनच्या पैशाबाबत तो ज्या रीतीने सोडविला गेला, ती रीत मात्र पाहण्याजोगी आहे.

तेथील शिक्षक, पोलीस, सफाई कामगार यांच्या पगारातून कापलेली रक्कम व सरकारचा वाटा मिळून राज्यांचे आणि शहरांचे प्रचंड निधी उभे राहतात. हा पैसा गुंतविण्याचे काम खासगी कंपन्या करतात व त्याचे शुल्क घेतात. काम कोणाला द्यावयाचे हे ठरविणारी माणसे पुष्कळदा स्वतः निवडून आलेली असतात, नाहीतर निवडून आलेल्यांनी नेमलेली. निवडणूक म्हटली की पैसा आलाच. कंपनीच्या माणसाने अशा उमेदवाराला देणगी दिली तर ती कशासाठी? विचार पटतात म्हणून, असे तो सांगणार. आणि ते खोटे आहे हे न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण. शिवाय तक्रार करणार कोण? निवृत्त शिक्षकाची पेन्शन ठरलेली असते. निधीला खोट आली तर ती बहुधा करदात्याच्या खिशातून भरून निघते, आणि त्याला पत्ताही नसतो.

न्यूयॉर्क राज्यात या निधीचा विश्वस्त एकच, राज्याचा निवडून आलेला कंट्रोलर. शंभर अब्ज डॉलरांहून मोठ्या रकमेवर एका माणसाची सही! अ‍ॅलन हेवेसी त्या पदावर असताना एका गुंतवणूक व्यावसायिकाने प्रवासखर्च, निवडणूक निधी इत्यादी रूपांत त्यांच्यासाठी सुमारे १० लक्ष डॉलर खर्चिले. पेन्शन निधीतले २५ कोटी डॉलर त्याच्या कंपनीकडे गेले. हेवेसींनी २०१० मध्ये गुन्हा कबूल केला. २०११ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला.

येथे भेटवस्तू होत्या म्हणून गुन्हा पकडता आला. नुसती देणगी असती तर? त्यासाठी रोखे आयोगाने २०१० मध्ये नियम केला. कंपनीने किंवा तिच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी अशा पदाधिकाऱ्याला देणगी दिली, तर पुढील दोन वर्षे त्या निधीकडून कंपनीला शुल्क घेता येत नाही. हेतू विचारलाच जात नाही! सूट अगदी किरकोळ: ज्याला मत देता येते त्याला एका निवडणुकीत ३५० डॉलर, इतरांना १५०.

२०१४ मध्ये या नियमाखाली पहिली कारवाई फिलाडेल्फियाजवळच्या एका कंपनीवर झाली. तिच्याशी संबंधित एकाने महापौरपदाच्या उमेदवाराला २,५०० व राज्यपालांना २,००० डॉलर दिले होते. कंपनीला भरावे लागले सुमारे ३ लक्ष.

हा भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे, असा आक्षेप घेतला जातो. नगरपालिकांच्या कर्जरोख्यांसाठी १९९४ मध्ये झालेल्या अशाच नियमाविरुद्ध तो घेतला गेला, आणि अपील न्यायालयाने १९९५ मध्ये फेटाळला. मला त्याहून खरी उणीव वेगळीच वाटते. केंद्रीय पदासाठी उभ्या असलेल्या उमेदवाराबाबत नियम पाहतो तो केवळ त्याच्या आजच्या पदाकडे. २०२४ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ हे मिनेसोटाचे राज्यपाल, म्हणून तेथील गुंतवणूक मंडळाचे सदस्य होते. त्या राज्याचा पैसा सांभाळणाऱ्यांना त्यांच्या प्रचाराला देणगी देताना हात आखडावा लागला. प्रतिस्पर्धी व्हान्स सिनेटर होते. त्यांच्यासाठी हे बंधन नव्हते.