शब्बाथ सगळ्यांचा, मग हज्जानचा कुठला?



नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी मेथडिस्ट चर्चचे एक पाद्री राहतात. गेल्या मे महिन्यात सलग दोन रविवार त्यांच्या घराचे पडदे ओढलेलेच दिसले. मी पेशाने नर्स. वाटलं, आजारी पडले. नारळाच्या दुधातली मासळीची आमटी डब्यात भरली आणि बेल वाजवली. ते हसून म्हणाले, "आजारी नाही, सबॅटिकलवर आहे. तीन महिने प्रवचन नाही, बैठका नाहीत, चर्चचा फोनही दुसऱ्याकडे."

ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ही पद्धतच आहे. साधारण दहा वर्षांच्या सेवेनंतर पहिल्यांदा आणि पुढे दर सात वर्षांनी, तीन महिन्यांची मोकळीक. हा शब्द आला आपल्याच शब्बाथवरून, आणि सातव्या वर्षी जमीनसुद्धा पडीक ठेवायला तोराने सांगितलंच आहे. कोकणात आपल्या वाडवडिलांनी शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. विसाव्यावरून ओळखली गेलेली आपली जमात!

मग मला माझे मामा आठवले. रायगडातल्या आमच्या गावी ते हज्जान होते. दिवसा नोकरी; वर शब्बाथची तफिल्ला, लग्न, सुंता, मयत, मलिदा. इतरांचा विसाव्याचा दिवस, तो त्यांचा कामाचा. शेवटी शेवटी त्यांची झोप उडाली. बारीकसारीक गोष्टींवरून चिडत. "कुणासाठी करायचं हे?" म्हणत. मामांचा स्वभाव बदलला, असं आम्ही ठरवून टाकलं. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, तरी मला कळलं नाही. एका शब्बाथला तेवेवर उभे असताना त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. त्यानंतर ते सिनेगॉगची पायरी चढले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, व्याख्या केली. तिने त्याला आजार न म्हणता कामातून येणारी अवस्था म्हटलं. खुणा तीन: अंगातलं बळ सरणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मामांमध्ये तिन्ही होत्या.

पण प्रत्येक थकवा कामाचाच असतो असं नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, नैराश्य यांनीही माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. जगणं नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नये. भारतात टेलि-मानसचा १४४१६ आणि इंग्लंडात १११ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

ज्या एलियाहू हन्नाबींच्या नावाने आपण मलिदा करतो, तेही एकदा रानात झुडपाखाली हताश होऊन मरण मागत बसले होते. देवदूताने त्यांना उपदेश केला नाही. झोपेतून उठवून भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. पुढची वाट त्यानंतर.

तीन महिन्यांची रजा आपल्या लहान सिनेगॉगांना झेपणार नाही. पण आठवड्याचा एक वार हज्जानसाठी राखून ठेवता येईल. त्या दिवशी फोन कमिटीतल्या कुणीतरी घ्यावा. दोन तरुणांना तफिल्ला चालवायला शिकवावं, म्हणजे वर्षातून काही शब्बाथ हज्जानही बाकावर बसून 'आमेन' म्हणतील. हे त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. थकलेला माणूस मागत नाही. मामांनीही मागितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांनी डबा परत आणून दिला. म्हणाले, पहिले पंधरा दिवस नुसती झोप झाली, मग रिकामं बसण्याची लाज वाटली, आणि ट्रेंट नदीकाठी फिरता फिरता तीही गेली. परतल्यावर त्यांनी आठवड्यातली एक बैठक कायमची कमी केली. जुनीच दगदग पुन्हा सुरू झाली तर सुटीचा गुण काही आठवड्यांतच ओसरतो.

या शनिवारी तफिल्ला संपल्यावर आपल्या हज्जानना एवढंच विचारा: तुमचा शब्बाथ कुठल्या वारी?