संकेतस्थळाची चौकट कशी निवडतात?

दहावीचा निकाल लागण्याच्या दिवशी राज्यातील लाखो विद्यार्थी जवळजवळ एकाच वेळी एकच पान उघडू पाहतात. बैठक क्रमांक लिहायचा, आईचे नाव लिहायचे, कळ दाबायची आणि गुण पडद्यावर येण्याची वाट पाहायची! या एक-दोन सेकंदांत पलीकडे काय घडते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

तुमची मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. तेथील आज्ञावली प्रथम मागणी कशाबद्दल आहे ते पाहते. मग क्रमांक आणि नाव नीट लिहिले आहे की नाही हे तपासते, माहितीच्या साठ्यातून नेमकी नोंद शोधते, ती पानाच्या साच्यात भरते आणि ते पान तुमच्याकडे धाडते. गंमत अशी, की निकालाऐवजी रेल्वेचे तिकीट काढायचे असो किंवा ग्रंथालयातील पुस्तक शोधायचे असो, कामाचा क्रम बहुधा हाच असतो. मग तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून कशाला लिहायचा? सर्वांना लागणारा भाग एकदाच लिहून ठेवला, की झाले. अशा तयार भागाला फ्रेमवर्क, म्हणजेच चौकट, असे म्हणतात.

चौकट ही मागासारखी

चौकट म्हणजे नुसती हत्यारांची पेटी नव्हे. पेटीतील कोणते हत्यार केव्हा उचलायचे, हे सुतार ठरवतो. चौकटीचे काम हातमागासारखे असते. मागावर उभे धागे आधीच ताणलेले असतात. विणकर त्यांतून आडवे धागे घालीत जातो. नक्षी विणकराची, पण कापडाची रुंदी आणि विणण्याची रीत मागाची. चौकटीतही कोणता भाग केव्हा चालवायचा हे चौकटच ठरवते. प्रोग्रॅमर आपल्या विषयापुरत्या आज्ञा योग्य त्या जागी लिहितो. म्हणूनच निवडीला एवढे महत्त्व आहे. अर्धे लुगडे विणून झाल्यावर ते दुसऱ्या मागावर चढवणे किती कठीण!

आज अशा चौकटी कितीतरी आहेत, आणि त्यांतील चांगली कोणती यावर प्रोग्रॅमर मंडळींत हिरिरीने वाद चालतो. त्यांची मते ऐकण्यासारखी आहेत.

वाढलेले ताट की निवडलेले पदार्थ?

डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रॅमरने २००४ मध्ये रुबी या भाषेतील ‘रुबी ऑन रेल्स’ ही चौकट सर्वांसाठी खुली केली. तिचे तत्त्व असे, की नेहमीच्या गोष्टी कशा करायच्या हे चौकटीनेच ठरवून टाकावे. उदाहरणार्थ, आज्ञावलीत पुस्तकाला जे एकवचनी इंग्रजी नाव दिले असेल, त्याचेच अनेकवचन हे साठ्यातील तक्त्याचे नाव असणार, असे रेल्स गृहीत धरते. ते वेगळे सांगावे लागत नाही. हॅन्सनने २०१२ मध्ये आपल्या चौकटीची तुलना अशा जपानी जेवणाशी केली होती, की ज्यात काय वाढायचे ते आचारीच ठरवतो. आपण त्याला खानावळीचे ताट म्हणू.

असेच दुसरे ताट म्हणजे पायथॉन भाषेतील जँगो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये तिचे काम सुरू केले. २००५ मध्ये ती सर्वांना मिळाली. वृत्तपत्राचे काम म्हणजे आज सांगितले आणि उद्या हवे! म्हणून जँगोत अशी सोय आहे, की माहितीचे स्वरूप एकदा सांगितले, की ती भरण्याची व दुरुस्त करण्याची पाने आपोआप तयार होतात. बातमीदाराला प्रोग्रॅमरच्या मागे लागावे लागत नाही.

याच्या उलट मत आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरच्या ‘फ्लास्क’मध्ये दिसते. २०१० च्या १ एप्रिलला त्याने थट्टा म्हणून एक इवलीशी चौकट जाहीर केली. लोकांना ती कल्पनाच आवडली आणि त्यातून फ्लास्क जन्माला आली. तिच्यात अगदी साधे पान पाच-सहा ओळींत तयार होते. माहितीच्या साठ्याशी बोलण्याची सोय मात्र तिच्यात नाही. ती आपल्या पसंतीने बाहेरून आणायची. हिचे चाहते म्हणतात, ‘जे आम्हाला नको, ते आमच्या ताटात का वाढता?’ ताटवाले उत्तर देतात, ‘निवडत बसाल तर जेवाल केव्हा? शिवाय, सुरक्षिततेची एखादी गोष्ट निवडायची राहून गेली तर?’

वेगाचे गणित

‘सर्वांत वेगवान चौकट घ्यावी,’ असेही एक मत आहे. आपण थोडे गणित करू. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर न्यूयॉर्कला असेल, तर मागणी जाऊन पान परत येण्यास निदान १२५ मिलिसेकंद लागणारच. आता समजा, चौकटीचे स्वतःचे काम १० ऐवजी ५ मिलिसेकंदांत झाले. तुमच्या ते लक्षातही येणार नाही.

पण सर्व्हरवर भार प्रचंड असेल, तर हेच ५ मिलिसेकंद मोलाचे ठरतात. कारण तेवढ्याच वेळात तो दुप्पट मागण्या पुऱ्या करू शकतो. आज एक्स या नावाने ओळखले जाणारे ट्विटर २००६ मध्ये रेल्सवर उभे राहिले. भार वाढला, तसे त्याच्या अभियंत्यांनी एकेक भाग काढून स्काला आणि जावा या भाषांत पुन्हा लिहिला. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब मात्र मोठे होऊनही रेल्सवरच राहिले. चौकट एकच, पण कामे निराळी, म्हणून निर्णयही निराळे.

चौकटीचे आयुष्य

वेगापेक्षाही अवघड प्रश्न आयुष्याचा आहे. गूगलच्या अँग्युलर-जेएस या चौकटीवर २०१० नंतर असंख्य संकेतस्थळे बांधली गेली. मग २०१६ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, आणि ती इतकी वेगळी होती, की जुने काम तिच्यात तसेच चालेना. दोन्ही शेजारी शेजारी चालवून हळूहळू पुढे जाण्याची सोय दिली होती. तरी श्रम पडायचे ते पडलेच. जुन्या चौकटीची देखभाल ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबली. त्यानंतर तिच्यात एखादी फट सापडली, तर मूळ कर्त्यांकडून ती बुजवली जाणार नव्हती. ज्यांनी नवे लुगडे विणले नाही, त्यांच्या घराचे दार त्या दिवसापासून किलकिले राहिले म्हणा ना!

डॅन मॅकिन्ली या अमेरिकन अभियंत्याने २०१५ मध्ये एका लेखात असे मांडले, की कोणत्याही गटाला नवेपणा पेलण्याची शक्ती थोडीच असते. ती खरोखर गरजेच्या ठिकाणी खर्च करावी आणि बाकी सगळीकडे जुने, परिचित साधन वापरावे. जुन्या साधनात दोष नसतात असे नव्हे, पण ते कोठे दगा देते हे पुष्कळांना ठाऊक असते. यावर नव्याचे पुरस्कर्ते विचारतात, ‘सर्वांनीच असा विचार केला असता, तर २००४ मध्ये रेल्सला हात कोणी लावला असता?’ हा प्रश्नही खोटा नाही.

करून पाहा

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी संकेतस्थळ करायचे आहे, असे समजा. त्यासाठी संगणकाची गरज नाही, कागद पुरे. वर्गात दोन गट करा. एका गटाने ताटाची बाजू मांडावी, दुसऱ्याने निवडलेल्या पदार्थांची. त्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढा : एका तासात किती मुले पुस्तक शोधतील? पुस्तकांच्या नोंदी कोण भरणार, आणि त्या व्यक्तीला प्रोग्रॅमिंग येते का? तुमच्यापैकी किती जणांना पायथॉन किंवा रुबी येते? अडचण आली तर विचारायला जवळपास कोणी आहे का? चौकटीची देखभाल आज कोण करते?

आणि शेवटचा प्रश्न बाईंना किंवा सरांना विचारून लिहा : दहावी होऊन तुम्ही शाळा सोडाल, तेव्हा हे काम पुढे कोण सांभाळणार? त्या मुलांना जी चौकट शिकता येईल, तिच्या बाजूला एक गुण जास्त द्या.