हिशेबाने न सुटलेले नॉझल

वस्तूचा आकार आधी कागदावर न ठरवता त्यात यदृच्छेने बदल करायचे, चाचणीत सरस ठरेल तो बदल ठेवायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, अशी पद्धत १९६४ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वापरली गेली. इंगो रेखेनबर्ग, हान्स-पाउल श्वेफेल आणि पेटर बीनर्ट हे तेव्हा तिथले विद्यार्थी होते.

पहिला प्रयोग विंड टनेलमधला. सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडल्या होत्या. प्रत्येक बिजागरी ५१ कोनांत बसवता येई. म्हणजे शक्य आकार साडेचौतीस कोटींच्या घरात. सगळे तपासायचे तर आयुष्य पुरले नसते. म्हणून गाल्टनच्या फळीवर गोळी सोडायची आणि खिळ्यांना आपटत ती ज्या खणात पडेल त्यावरून बिजागरी किती फिरवायची ते ठरवायचे. गोळ्या बहुधा मधल्या खणांतच पडतात. त्यामुळे छोटे बदल वरचेवर होत, मोठे क्वचित. हवेचा रोध घटला तर नवा आकार कायम, नाहीतर पुन्हा जुना. नागमोडी दुमडलेली पट्टी अखेर जवळजवळ सपाट झाली. हे उत्तर कोणीही आधीच सांगितले असते, पण परीक्षा पट्टीची नव्हतीच, पद्धतीची होती.

खरी करामत पुढची. नॉझलमधून दाबाखालचे तापलेले पाणी सुटताना त्यातले काही वाफ बनते, आणि या मिश्रणाच्या प्रवाहाचा हिशेब गणिताला नीट जमत नव्हता. श्वेफेलने शंकूसारखी भोके पाडलेल्या धातूच्या कड्या एकापुढे एक रचून नॉझल बनवले. शेजारच्या दोन कड्यांची तोंडे जुळली पाहिजेत, एवढेच बंधन. कडी बदलता येई, नवी घालता येई, असलेली काढून टाकता येई. म्हणजे लांबीसुद्धा उत्क्रांत होई. कार्यक्षमता सुमारे ५५ टक्क्यांवरून जवळपास ८० टक्क्यांवर गेली. आतला आकार मात्र ठिकठिकाणी फुगलेला, पुन्हा आवळलेला. कोणा अभियंत्याने असा आराखडा पुढे केला असता, तर त्याची थट्टाच झाली असती.

प्रत्येक चाचणीसाठी वस्तू खरोखर जुळवावी लागणे ही या पद्धतीची अडचण. संगणक आल्यावर निवड आभासी चाचणीत होऊ लागली आणि शेवटी टिकलेला आकारच तेवढा घडवला जाऊ लागला. नासाच्या एम्स केंद्रात ‘स्पेस टेक्नॉलॉजी ५’ मोहिमेच्या छोट्या उपग्रहांसाठी अशीच अँटेना तयार झाली. दिसायला वेड्यावाकड्या वाकवलेल्या तारांसारखी. मोहिमेची कक्षा मध्येच बदलली, तेव्हा नव्या गरजेला जुळणारी अँटेना साधारण महिन्याभरात मिळाली. २२ मार्च २००६ रोजी ती अवकाशात गेली.